ताटातून गल्लीत आलेले शब्द

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली की मुंबईची मुले गावी येतात. कुणी आजोळी येतो, कुणी काकांकडे. येताना पिशवीत कपडे असतात आणि तोंडात नवे नवे शब्द असतात. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच एखादा म्हणतो, "आजी, एक कटिंग होऊन जाऊ दे." दुसरा चुलतभावाला दटावतो, "ए, जास्त भाव खाऊ नको." तिसरा मामीला मस्का लावून लाडवांचा डबा पळवतो. सुट्टी संपली की मुले परत जातात, पण शब्द मात्र गावातच मुक्काम करतात. मग जूनमध्ये शाळा उघडली की तेच शब्द गुरुजींच्या कानांवर पडतात. गुरुजी कपाळाला आठ्या घालतात आणि विचारतात, "ही कसली भाषा रे?"

प्रश्न रागाचा असला तरी खोटा नाही. ही कसली भाषा, ती कुठून आली, आणि तिचे शाळेत काय करायचे, याचाच आज आपण थोडा विचार करू.

हे शब्द ज्या मुलुखात घडतात तो मुलूख आधी पाहून घ्या. मुंबईचा फार मोठा संसार चालतो तो उपनगरांत. चर्चगेटहून उत्तरेकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवर अंधेरी आणि बोरिवली लागतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाण्याकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेवर घाटकोपर आणि मुलुंड लागतात. येथे कोकणातला चाकरमानी आहे, घाटावरचा हमाल-माथाडी आहे, कच्छी-गुजराती दुकानदार आहे, उडपी-मंगळूरकडचा हॉटेलवाला आहे आणि उत्तरेकडचा भाजीवालाही आहे. सकाळी सात वाजता हे सगळे एकाच फलाटावर उभे असतात. प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी. अशा गर्दीत शब्द आखूड हवा, चटकन कळणारा हवा, आणि सर्वांच्या अनुभवातला हवा. आता सर्वांच्या अनुभवातली गोष्ट कोणती? पोट! म्हणून गल्लीतले कितीतरी शब्द ताटातूनच उचललेले असतात.

शब्द उचलण्याची ही रीत नवी आहे असे मात्र समजू नका. व्याकरणात तिला लक्षणा म्हणतात. एका वस्तूचे नाव तिच्यासारख्या दुसऱ्या गोष्टीला लावायचे, एवढीच ती युक्ती. 'लोणकढी थाप' हा शब्द आपण घरात, सभेत, वर्तमानपत्रातही बिनदिक्कत वापरतो. लोणी कढवून नुकतेच काढलेले तूप ते लोणकढे तूप. त्या तुपासारखी ताजी आणि घशाखाली अलगद उतरणारी थाप, ती लोणकढी थाप. हा शब्द कुणा शास्त्रीबुवांनी पोथीत बसून केलेला नाही. कुणीतरी गमतीने बोलून गेला, ऐकणाऱ्याला आवडला, आणि पुढे तो शिष्ट झाला. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी शब्दांचा कोश छापला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्या कोशाची पाने चाळली तर असे बाजारातले, शेतातले, चुलीजवळचे शब्द जागोजागी भेटतात. तेव्हा आजचा गल्लीतला शब्द उद्याच्या कोशात जाणारच नाही, अशी शपथ कुणी घेऊ नये.

आता मुख्य शब्दाकडे येऊ. तो शब्द म्हणजे 'खाणे'. आपण भाकरी खातो, हे झाले सरळ. पण आपण आणखी काय काय खातो ते जरा मोजा बरे. मार खातो, शिव्या खातो, धक्के खातो, बोलणी खातो, पाण्यात गटांगळ्या खातो. ही सगळी दुबळ्याची खाणी. त्याला नको असताना ती त्याच्या वाट्याला येतात. दुसरीकडे पाहा. सावकार व्याज खातो, लाचखाऊ माणूस पैसे खातो, ज्याची गरज दुसऱ्याला आहे तो भाव खातो, आणि ज्याला वेळच वेळ आहे तो आपले डोके खातो. ही झाली वरचढाची खाणी. तिसरा प्रकार लाजेचा. हातून वाईट काम घडले तर माणसाने शेण खाल्ले, आणि ऐन वेळी चूक झाली तर त्याने माती खाल्ली. क्रियापद एकच, पण खाणारा कोण आहे त्यावर त्याची चव बदलते.

आणि याच शब्दाची दोन लेकरे पाहा, एक गोड आणि एक कडू. गोड लेकरू म्हणजे 'खाऊ'. बाजारातून आल्यावर बापाने मुलाच्या हातावर ठेवलेला तो खाऊ. त्यावरून खाण्याच्या गाड्यांनी भरलेल्या गल्लीला मुंबईत 'खाऊगल्ली' म्हणू लागले. घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनमध्ये अशी एक नावाजलेली खाऊगल्ली आहे. संध्याकाळी तेथे पाय ठेवायला जागा नसते. कडू लेकरू म्हणजे 'खाबूगिरी'. लोकांच्या कामाचे पैसे मधल्या मध्ये गिळण्याची ती सवय. एकाच 'खा'मधून मायेचाही शब्द निघाला आणि चिडीचाही.

येथे मी तुम्हाला थोडे लांब, थेट स्पेन देशात नेणार आहे. वाट वाकडी वाटेल, पण ती आपल्याच अंगणातून निघालेली आहे. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. हे कशावरून कळले? त्यांच्या बोलीवरून. त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान' म्हणतात आणि चोराला 'चोर'च म्हणतात. १४२५ साली हे लोक स्पेनमध्ये पोहोचल्याची कागदोपत्री नोंद आहे. तेथे त्यांच्या बोलीला 'कालो' असे नाव पडले. त्याचा मूळ अर्थ काळा, आपल्या 'काळा' या शब्दाचाच तो भाऊबंद. स्पेनच्या शहरांतल्या साध्या लोकांनी या कालोतून काही शब्द उचलले. त्यांतला एक म्हणजे 'खामार'. गल्लीच्या स्पॅनिश भाषेत 'खामार' म्हणजे जेवणे, चापणे. त्यातला 'खा' आणि आपल्या 'खाणे'मधला 'खा' एकाच मुळाचे आहेत.

दुसरा शब्द तर आणखी गमतीचा आहे. स्पेनमध्ये मसाला भरून वाळवलेल्या मांसाच्या एका पदार्थाला 'चोरिसो' म्हणतात. पोर्तुगीजांनी तोच प्रकार गोव्यात आणला आणि गोव्यात त्याला 'चोरीस' म्हणतात. पण स्पेनच्या रस्त्यावर एखाद्याला 'चोरिसो' म्हटले, तर त्याचा अर्थ चोर असा होतो. कुणालाही वाटेल, की खाण्याच्या पदार्थावरूनच ही शिवी आली असावी. तसे नाही. ती आली कालो बोलीतल्या 'चोरी' या शब्दावरून. तेथे 'चोरी' म्हणजे चोर. आवाज सारखा पडला म्हणून लोकांनी त्याला पदार्थाचे कपडे चढवले, इतकेच. म्हणजे माद्रिदचा पोरगा ज्या शब्दाने चोराला हिणवतो, तो शब्द मुलुंडच्या पोराला शिकवावा लागणार नाही. गल्लीतला शब्द हलका म्हणून आपण त्याला हुसकावतो, पण तो हजार वर्षे आणि हजारो कोस चालत जाऊनही जिवंत राहतो. पोथीतल्या किती शब्दांना हे जमले?

शब्द इकडून तिकडे गेले, तसे तिकडून इकडेही आले. आज ज्या भूमीवर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड वसले आहेत, ती जुनी साष्टी. १५३४ साली वसईच्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली, आणि चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी ती परत घेतली. पुढे १७३९ साली वसईचा किल्लाही पडला. म्हणजे दोनशे वर्षे येथे पोर्तुगीज अंमल होता. बोरिवलीजवळ मंडपेश्वराची लेणी आहेत. पोर्तुगीज काळात तेथे पाद्र्यांनी लेण्यातच प्रार्थनामंदिर केले होते आणि वर मठ बांधला होता, त्याचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. या भागातले जुने ख्रिस्ती रहिवासी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात आणि घरी मराठीचीच एक बोली बोलतात. राज्य गेले, पण शब्द राहिले. चावी, घमेले, पगार, लिलाव, पिंप, काजू हे सारे त्या काळाचे पाहुणे, आणि आता ते आपल्या घरचेच झाले आहेत.

या पाहुण्यांतले दोन तर रोज गाडीवर भेटतात. पहिला 'पाव'. पोर्तुगीज भाषेत भाजलेल्या रोटीला नाकात उच्चारलेला 'पांव' असा शब्द आहे, त्यावरून आपला पाव. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, किंवा चौथा भाग म्हणून पाव, अशा कथा लोक सांगतात, त्या खऱ्या नाहीत. पावशेरातला पाव संस्कृत 'पाद' शब्दापासून आला आणि खाण्याचा पाव जहाजातून आला. दुसरा 'बटाटा'. कोलंबसाच्या मागोमाग स्पॅनिश लोक अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरले, तेव्हा तेथील रहिवासी रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांनी तो इकडे आणला, आणि पुढे तो रताळ्याऐवजी दुसऱ्याच कंदाला चिकटला. मिरचीही अमेरिकेतूनच आली. फक्त तिला नाव मिळाले आपल्या जुन्या मिरीवरून.

आता वडापाव डोळ्यांपुढे आणा. पाव पोर्तुगीजांचा, बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, बेसन आपले, फोडणी आपली. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. पुढे तो प्रत्येक स्टेशनाबाहेर गेला. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, गिरण्या मागोमाग बंद पडल्या, आणि हजारो कामगारांच्या घरची चूल थंडावली. त्या काळात कित्येकांनी अशा गाड्या टाकून पोट जाळले. तेव्हा वडापाव हा मुलांच्या तोंडचा चटपटीत शब्द असला तरी त्याच्या पोटात घामाचा इतिहास आहे.

'कटिंग'चेही तसेच. टपरीवरचा पूर्ण ग्लास चहा परवडत नाही, किंवा तेवढी तलफ नसते. मग अर्धा ग्लास मागायचा, तो कटिंग. शब्द इंग्रजी, पण गरज आपली. आणि 'डबा' पाहा. स्वयंपाकघरातला डबा, रेल्वेचा डबा आणि कचेरीत पोहोचणारा जेवणाचा डबा, तिन्हींना एकच नाव. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेली डबे पोहोचवण्याची पद्धत अजून चालू आहे. हे डबेवाले मुख्यतः मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले. म्हणजे उपनगराची भाषा घडवण्यात गावाचा हात आहेच. शब्द फक्त शहरातून गावात येतात असे नाही, ते आधी गावातूनही तेथे गेलेले आहेत.

आता स्निग्ध पदार्थांकडे वळू, कारण खरी मौज आणि खरी बोच तेथेच आहे. लोणी, तूप, मलई, तेल ही गरिबाच्या घरी कमी आणि श्रीमंताच्या घरी जास्त असायची. म्हणून आपल्या भाषेत स्निग्धता म्हणजे सुख, आणि सुखाच्या मागे सत्ता. ज्याचे सगळे बरे चालले आहे त्याची पाचही बोटे तुपात. अन्यायाची तक्रार करायची तर 'एक तुपाशी, एक उपाशी'. स्वतःचाच फायदा पाहणारा आपल्या पोळीवर तूप ओढतो. हे जुने वाक्प्रचार झाले. गल्लीने त्यांच्याच जोडीला आपले शब्द बसवले. इराण्याच्या हॉटेलात पावाला लावतात तो मस्का. फारसीतून आलेला हा लोण्याचा शब्द. कोरडा पाव घशात अडकतो, मस्का लावला की सरकतो. तसेच अडलेले काम गोड बोलून सरकवायचे, तर 'मस्का लावायचा'. जो सतत मोठ्या माणसाच्या हातात राहून त्याच्या तोंडापर्यंत घास नेतो, तो 'चमचा'. दुसऱ्याच्या कष्टावर वरवरची साय काढून घेणारा 'मलई' खातो. आणि पोळी कुस्करून तूप-गुळात मळलेला दर्ग्याचा प्रसाद तो मलिदा. पण आता फुकटात मिळालेल्या पैशालाही 'मलिदा' म्हणतात.

बैलगाडीच्या आसाला ओंगण घातले नाही तर चाक कुरकुरते, हे तुम्हाला सांगायला नको. शहरात त्यालाच वंगण म्हणतात, आणि अडलेल्या कागदाला पुढे ढकलण्यासाठी दिलेल्या पैशालाही वंगणच म्हणतात. कधी म्हणतात, 'कागदावर वजन ठेवा.' वारा आला तर कागद उडून जाऊ नये म्हणून! स्पेनमध्येही लाच देण्याला हात माखणे या अर्थाचा शब्द आहे. मेक्सिकोत लाचेला 'मोर्दिदा' म्हणतात. त्याचा अर्थ चावा, तोडलेला घास. आपण 'पैसे खाल्ले' म्हणतो, ते 'घास तोडला' म्हणतात. दोन देशांच्या मध्ये दोन महासागर आहेत, पण नाडलेल्या माणसाला सुचलेली उपमा एकच आहे. असे शब्द म्हणजे नुसती थट्टा नव्हे. ज्याला तोंड उघडून तक्रार करता येत नाही, त्याची ती तक्रार आहे.

तूप फार दिवस राहिले, तेलाला हवा लागली, की ते खवट होते. त्यावरून कडवट बोलणाऱ्या माणसालाही आपण खवट म्हणतो. स्पॅनिश भाषेतही खवट तेलाचा जो शब्द आहे, 'रान्सिओ', तोच जुनाट, आंबट स्वभावाच्या माणसाला लावतात. आणि शिक्षक बंधुभगिनींना आवडेल असा एक दाखला देतो. आपल्याकडे परीक्षेत शून्य मिळाले की 'भोपळा मिळाला' म्हणतात. शून्याचा आकार भोपळ्यासारखा, म्हणून ते समजते. पण स्पेनमध्येही परीक्षेत नापास करणे म्हणजे 'भोपळे देणे'. इतकेच नव्हे, तर मुलीने लग्नाची मागणी झिडकारली तरी तिने त्याला 'भोपळे दिले' असेच म्हणतात. बिचाऱ्या भोपळ्याने दोन्ही देशांत काय अपराध केला कोण जाणे!

येथवर आपण हसत आलो. आता जरा जपून पुढे जायला हवे, कारण ताटातली स्निग्धता संपून अंगावरची सुरू होते. आपल्या भाषेत अंगावरच्या मांसाचे दोन अर्थ आहेत. एक कौतुकाचा. तान्हे मूल भरू लागले की त्याने 'बाळसे धरले' म्हणतात. कुणी तारीफ केली की 'अंगावर मूठभर मांस चढते'. दुसरा अर्थ रागाचा. 'अंगात चरबी चढली', 'खाऊन खाऊन माजला'. माज हा शब्द तुम्हाला गोठ्यातून ठाऊक आहे. जनावर माजावर येते, रानात तण माजते. जे वाढते आणि आवरत नाही ते माजते. असे दोन टोकांचे अर्थ का झाले? ज्या मुलुखाने दुष्काळावर दुष्काळ पाहिले, तेथे अंगावर मांस असणे ही भाग्याची खूण, आणि उपाशी शेजाऱ्याच्या डोळ्यांत तीच उर्मटपणाची खूण. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जाऊन ज्यांनी सुकडी खाल्ली, त्यांना हे फोडून सांगण्याची गरज नाही.

स्पॅनिश लोकांचेही असेच दुहेरी आहे. लठ्ठ म्हणजे 'गोर्दो'. स्पेनमध्ये १८१२ पासून नाताळची एक सोडत चालत आली आहे. तिच्या सर्वांत मोठ्या बक्षिसाला लोक 'एल गोर्दो' म्हणजे 'लठ्ठ्या' म्हणतात. अर्जेंटिनात नवराबायको एकमेकांना लाडाने 'गोर्दो', 'गोर्दा' म्हणतात, मग ती काडीसारखी का असेनात. पण मेक्सिकोत एखादा माणूस डोक्यात जातो, तेव्हा 'तो मला लठ्ठ पडतो' असे म्हणतात. एकच शब्द बक्षीस होतो, लाड होतो आणि तिरस्कारही होतो. म्हणजे बरेवाईटपण शब्दाच्या अक्षरांत नसते. तो कोण कुणाला कुठे म्हणतो, यात असते.

आता आपल्या वर्गात या. जाड मुलाला मुले काय म्हणतात? ढब्बू, ढोल्या, पिंप. यातला ढब्बू म्हणजे पूर्वीचा जाडजूड तांब्याचा पैसा. मग ढब्बू मिरची आली, आणि मग ते नाव मुलाच्या पाठीला चिकटले. पिंप पोर्तुगीजांचे, हे वर आलेच. मुलींना कित्येक वर्षे 'टुणटुण' म्हणून चिडवत. ही टुणटुण कोण होती ते मुलांना सांगायला हवे. तिचे नाव उमादेवी खत्री. १९४७ सालच्या 'दर्द' चित्रपटात तिने गायिलेले गाणे देशभर गाजले. १९५० सालच्या 'बाबुल'पासून ती विनोदी भूमिका करू लागली आणि टुणटुण या नावाने प्रसिद्ध झाली. गोड गळ्याच्या एका गुणी बाईचे नाव लोकांनी लक्षात ठेवले ते मात्र तिच्या अंगलटीसाठी.

मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. कविता फार चांगली वाचायची. सोबतच्या मुलांनी तिला असेच एक खाण्याच्या पदार्थाचे नाव ठेवले. ते दुखावण्यासाठी ठेवले होते असेही नाही, गमतीतच पडले. पण हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून ते नाव यायचे आणि वर्ग खिदळायचा. हळूहळू ती उपाहारगृहात जाईनाशी झाली. चारचौघांत डबा उघडीनाशी झाली. मग कविता वाचायला उभी राहीनाशी झाली. एके दिवशी मी वर्गाला फळ्यावर 'मलिदा', 'चमचा', 'ढब्बू' हे तीन शब्द लिहून दिले आणि विचारले, "यातला प्रत्येक शब्द कुणाला लागतो, आणि ज्याला लागतो तो उलट काय करू शकतो?" मुलांनी पहिल्या दोन शब्दांची उत्तरे पटापट दिली. मलिदा खाणारा बळकट आहे, त्याला शब्दाने काही होत नाही. चमच्याला वाटले तर तो उद्या चमचेगिरी सोडू शकतो. तिसऱ्या शब्दापाशी वर्ग गप्प झाला. अखेर मागच्या बाकावरचाच एक मुलगा म्हणाला, "सर, तो काहीच करू शकत नाही." त्यानंतर ते नाव मला वर्गात ऐकू आले नाही. मुलगी पुन्हा कविता वाचू लागायला मात्र बरेच महिने लागले.

मला वाटते, गल्लीच्या शब्दाची पारख करायला एवढी एकच कसोटी पुरे आहे. शब्द शुद्ध की अशुद्ध, देशी की परदेशी, हे नंतर पाहू. आधी पाहायचे ते हे, की शब्द कुणाच्या ताटाकडे बोट दाखवतो. भरल्या ताटाकडे, दुसऱ्याचे ओरबाडून भरलेल्या ताटाकडे बोट दाखवणारा शब्द असेल, तर तो लोकांच्या शहाणपणाचा भाग आहे, त्याला भिऊ नये. ज्याला ताटही धड सुखाने पुढे ओढता येत नाही, त्याच्याकडे बोट दाखवणारा शब्द असेल, तर तो कितीही जुना आणि कितीही मराठमोळा असो, त्याला वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे.

खेड्यातल्या शिक्षकांना या कामासाठी पैसा लागत नाही, पुस्तकही लागत नाही. एक वही करा. मुलांना सांगा, खाण्यापिण्यावरून आलेले जेवढे शब्द घरी, शेतात, बाजारात, पाहुण्यांच्या तोंडी ऐकू येतात, तेवढे आठवडाभर टिपून आणा. 'घोडे पेंड खाते' हा शब्द आला तर पेंड म्हणजे काय, ती घाण्यातून कशी निघते, हे घाणा पाहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारायला पाठवा. 'पावशेर', 'नवटाक' आले तर १९५६ च्या कायद्याने दशमान वजने येण्यापूर्वी शेराचे भाग कसे पडत ते गणिताच्या तासाला घ्या. मग वहीत तीन रकाने पाडा. वडीलधाऱ्यांसमोर चालणारे शब्द पहिल्या रकान्यात, सवंगड्यांत चालणारे दुसऱ्या रकान्यात, आणि कुणाला म्हटले तर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल असे शब्द तिसऱ्या रकान्यात. कोणता शब्द कुठे जाईल ते मुलांनाच ठरवू द्या. ती भांडतील, वाद घालतील. घालू द्या. त्या वादातच त्यांचे भाषेचे शिक्षण होते. निबंधात कुठला शब्द लिहायचा आणि मैदानात कुठला ओरडायचा, हे ज्या मुलाला उमगले त्याला प्रमाणभाषा शिकवणे अवघड जात नाही. उलट, 'तुझी भाषा घाण आहे' असे ज्या मुलाला ऐकवले, ते भाषाच बोलायचे सोडते. मग शुद्ध कोण बोलणार आणि अशुद्ध कोण बोलणार?

पालकांनाही एक विनंती आहे. मुंबईहून आलेले मूल 'कटिंग' म्हणाले म्हणून बिघडले नाही. त्याला चहा द्या, आणि आपल्याकडे अर्ध्या पेल्याला काय म्हणतात ते सांगा. दोन शब्दांची देवाणघेवाण होईल. मात्र तेच मूल शेजारच्या पोराला त्याच्या अंगावरून, त्याच्या डब्यातल्या कोरड्या भाकरीवरून नाव ठेवताना दिसले, तर त्याच क्षणी थांबवा. 'गंमत केली' हे उत्तर ऐकून घेऊ नका. भाकरी कोरडी असणे किंवा अंग भरलेले असणे हा कुणाचा गुन्हा नाही, हे त्याला नीट समजेल अशा शब्दांत सांगा. या महिन्यात एका शाळेत एक वही जरी तयार झाली आणि एका मुलाच्या पाठीवरचे एक नाव जरी पुसले गेले, तरी ह्या भाषणाचे चीज झाले असे मी समजेन.